तुरीचा वंश आणि काळ्या मातीची कसोटी

मांजरेच्या दक्षिणेस आणि भीमेच्या उत्तरेस जो काळ्या व मध्यम काळ्या मातीचा विस्तीर्ण मुलूख पसरलेला आहे, त्यातील आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या सरहद्दीलगत, मादन हिप्परगा हे गाव वसलेले आहे. निजामाच्या अंमलात हा तालुका गुलबर्गा जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या नोव्हेंबरात भाषावार प्रांतरचना अमलात आली तेव्हा तो म्हैसूर राज्याकडे गेला, आणि मराठी व कानडी या दोन्ही भाषा एकाच बाजारात आणि पुष्कळदा एकाच घरात नांदत राहिल्या. या मुलखाच्या महसुली इतिहासाविषयी, मठमंदिरांविषयी आणि दर्ग्यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. परंतु ज्या एका पिकावर येथील कास्तकाराचे देणेघेणे, मुलीचे लग्न आणि सावकाराचा तगादा या सर्वांचा निकाल लागत आला, त्या तुरीच्या वंशाचा इतिहास मात्र सामान्य वाचकापर्यंत फारसा पोहोचलेला नाही. आनुवंशिकता म्हणजे काय, ती दिसते कशी आणि लपते कशी, हे समजावून घेण्यास या इतिहासाइतके जवळचे साधन या भागातील वाचकाला दुसरे नाही, अशी माझी श्रद्धा आहे.

तूर ही आपल्याच द्वीपकल्पाची कन्या. तिचे सर्वांत निकटचे रानटी आप्त आजही ओडिशा आणि बस्तरच्या जंगलपट्ट्यात उगवते. बळ्ळारी जिल्ह्यातील संगनकल्लू येथील प्राचीन वसाहतीत आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील सातवाहनकालीन थरांत तुरीचे जळके दाणे उत्खननात सापडलेले आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांहून अधिक काळ या काळ्या मातीत शेतकरी तूर पेरीत, काढीत आणि पुढल्या मृगासाठी बी राखून ठेवीत आले. ज्वारीच्या ओळींमध्ये तुरीच्या ओळी घालावयाच्या, ज्वारी निघाल्यावर तुरीला मोकळे रान मिळावयाचे, आणि तिची खोल गेलेली मुळे हिवाळ्यातील ओलीवर पोसली जावयाची, अशी ही जुनी व्यवस्था. बियाणे घरचेच असे. ते एकजिनसी कधीच नव्हते : एकाच पायलीत तांबडा दाणा असे, पांढरा असे, लवकर पिकणारे झाड असे आणि उशिरा पिकणारेही असे. गुलबर्ग्याकडे गुल्याळ या नावाने ओळखला जाणारा वाण अशाच परंपरेने चालत आलेला होता. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने हा स्थानिक वाण म्हणजे अनेक वंशांचे संमिश्र कुटुंब होते, आणि पुढील सर्व कथेचे मर्म या संमिश्रतेत आहे.

या पिकाचा जुना वैरी म्हणजे मर रोग. झाड कंबरेला लागेपर्यंत वाढावे, फुलोरा येऊ लागावा, आणि पावसाळा सरल्यावर एके दिवशी ऐन ओलीत उभे असलेले झाड पाणी न मिळाल्याप्रमाणे माना टाकू लागावे, असे त्याचे स्वरूप. बुंध्यापासून वर चढत जाणारा जांभळट पट्टा सालीवर दिसतो, आणि खोड उभे चिरले तर आतल्या लाकडात तपकिरी-काळ्या रेघा आढळतात. शेजारचे झाड टवटवीत, आणि हे मेलेले. त्यामुळे दोष पावसाला द्यावा तर तो लागू पडत नाही, आणि मातीला द्यावा तर तीही दोघांना एकच. कुणी दैवाला बोल लावी, कुणी करणीचा संशय घेई. मेलेल्या झाडाशेजारी जिवंत राहिलेले हे झाडच खरे पाहता या कोड्याची किल्ली होती. परंतु ती किल्ली आहे हे ओळखण्यास अजून बराच काळ जावयाचा होता.

बिहारातील पुसा येथे इंग्रज सरकारने विसाव्या शतकाच्या आरंभी जी शेतकी संशोधन संस्था स्थापिली, तेथील कवकशास्त्रज्ञ एडविन बटलर यांनी १९०६ साली या रोगाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि १९१० मध्ये त्याच्या कारणीभूत बुरशीला फ्युसेरियम उडम असे नाव दिले. ही बुरशी मातीत राहते, कोवळ्या मुळांतून आत शिरते आणि जलवाहिन्यांत आपले तंतू पसरून त्या बुजवून टाकते. पीक निघाल्यानंतरही शेतात राहिलेल्या धसकटांच्या आधाराने ती तीन वर्षांपर्यंत तग धरू शकते. म्हणून ज्या रानात वर्षानुवर्षे तुरीवर तूर घेतली जाते तेथे रोगाचे बीज साचत जाते, आणि ज्वारीच्या फेरपालटाने किंवा मिश्र पिकाने ते काहीसे आवरले जाते. रोगाचे कारण कळले. पण एकरच्या एकर जमिनीतील बुरशी औषधाने मारणे तेव्हाही कास्तकाराच्या आवाक्यातले नव्हते आणि आजही नाही. उपाय मातीत नव्हता. तो झाडात शोधावा लागणार होता, आणि झाडात शोधावयाचा म्हणजे त्याच्या आनुवंशिकतेत शोधावयाचा.

येथे क्षणभर या मुलखाबाहेर जाणे भाग आहे. मोराव्हियातील ब्रनो शहराच्या मठात ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने १८५६ पासून आठेक वर्षे वाटाण्यावर प्रयोग केले आणि १८६५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचे निष्कर्ष तेथील निसर्गाभ्यासक मंडळासमोर वाचून दाखविले. गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या झाडांचा त्याने संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. पण त्याच पिढीतून दुसरी पिढी वाढविली तेव्हा ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. सुरकुती नाहीशी झालेली नव्हती. ती एक पिढी लपून राहिली होती. यावरून मेंडेलने ताडले की प्रत्येक लक्षणासाठी झाडापाशी दोन घटक असतात, एक मातेकडून व एक पित्याकडून आलेला. त्यांतील प्रभावी घटक अप्रभावी घटकाला झाकतो, परंतु पुसून टाकीत नाही, आणि पुढील पिढीसाठी परागकण व बीजांडे तयार होताना ते दोन घटक पुन्हा निर्मळपणे विलग होतात. ‘पेरावे तसे उगवते’ या आपल्याकडील म्हणीला त्याने एक खोल दुरुस्ती सुचविली : पेरलेले सगळेच त्याच पिढीत उगवत नाही, काही पुढच्या पिढ्यांसाठी अबोल राहते. १९०० साली तीन युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी हे नियम स्वतंत्रपणे पुन्हा शोधून काढीपर्यंत त्याचा निबंध उपेक्षितच राहिला.

तीस-पस्तीस वर्षांत हे नियम तुरीच्या रोगाला लावून पाहण्याइतपत हिंदुस्थानातील शास्त्र पुढे आले. पुसा येथे एफ. जे. एफ. शॉ आणि त्यांचे सहकारी तुरीच्या निरनिराळ्या प्रकारांचे वर्गीकरण व संकर करीत होते. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपात त्या संस्थेची भव्य इमारत उद्ध्वस्त झाली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीस हलविण्यात आली. त्याच १९३६ साली शॉ यांचा तुरीच्या लक्षणांच्या व मर-प्रतिकाराच्या वंशागमनावरील विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. प्रतिकारक्षम आणि रोगास बळी पडणारे अशा दोन झाडांच्या संकरातून, दुसऱ्या पिढीत, दर सोळा झाडांत नऊ तगणारी आणि सात मरणारी असे प्रमाण त्यांना आढळले. याचा अर्थ असा की प्रतिकार हा एका जनुकाचा पराक्रम नसून दोन परस्परपूरक जनुकांचा आहे : दोन्ही प्रभावी रूपात एकत्र आली तरच झाड तगते, त्यांतील एकाची उणीव असली तरी ते मरते. पुढे इतर अभ्यासकांना वेगळ्या झाडांत एकच प्रभावी जनुक आढळले, तर काहींना अप्रभावी. हे मतभेद पाहून शास्त्र डळमळीत आहे असा समज करून घेण्याचे कारण नाही. सर्व प्रतिकारक्षम झाडांचा प्रतिकार एकाच जनुकातून येतो असे नाही, सर्व ठिकाणची बुरशी एकाच प्रकारची नाही, आणि प्रत्येक रानात रोगाचा जोरही सारखा नसतो. म्हणून निरनिराळ्या कसोट्यांची उत्तरे निरनिराळी आली.

डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सेन यांनी १९०३ साली घेवड्यावर केलेल्या प्रयोगांचाही या कथेशी निकटचा संबंध आहे. बाजारातील मिश्र बियाण्यातून एकेक झाड निवडून त्याची संतती वेगळी वाढविली, तर प्रत्येक झाडापासून एक स्थिर वंश मिळतो. परंतु त्या शुद्ध वंशाच्या आत पुन्हा मोठा दाणा वा लहान दाणा निवडीत बसले तर पुढील पिढीत काहीच फरक पडत नाही, असे त्यांनी दाखविले. कारण शुद्ध वंशातील दाण्यांचा लहानमोठेपणा हा ओल, खत आणि शेंगेतील जागा यांचा परिणाम; वंशाचा नव्हे. डोळ्यांना दिसते ते रूप आणि आत वसणारी जनुकांची ठेव या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि निवड फलदायी व्हावयाची तर ती ठेवीवर व्हावी लागते, हे तत्त्व त्यांनी कायमचे प्रस्थापित केले. या तत्त्वातून एक अडचण मात्र उभी राहते. निरोगी मातीत प्रतिकारक्षम तूर आणि दुबळी तूर सारख्याच हिरव्यागार दिसतात. त्यांच्यातील भेद तेथे प्रकट होत नाही. जनुकाला बोलते करावयाचे तर त्याला योग्य प्रश्न विचारणारी परिस्थिती निर्माण केली पाहिजे.

ती परिस्थिती हैदराबादजवळ पाटनचेरू येथे निर्माण झाली. कोरडवाहू प्रदेशांतील पिकांसाठी १९७२ साली तेथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली, आणि तिने ज्वारी, बाजरी, हरभरा व भुईमूग यांच्यासह तुरीचे काम हाती घेतले. पंतनगर विद्यापीठात भाताच्या खैरा रोगाचे मूळ जस्ताच्या उणिवेत आहे हे शोधून नाव मिळविलेले यशवंत लक्ष्मण नेने हे मराठी वनस्पतिरोगशास्त्रज्ञ १९७४ मध्ये तेथे रुजू झाले. त्यांनी आणि जे. कन्नय्यन, एम. व्ही. रेड्डी या सहकाऱ्यांनी सामान्य शेतकऱ्याला विपरीत वाटावे असे एक काम केले : रोग टाळण्याऐवजी त्यांनी रोगाची शेती केली. मेलेल्या तुरीची धसकटे तुकडे करून जमिनीत गाडली, त्यावर पुन्हा दुबळा वाण पेरला, तो मेला की त्याचीही धसकटे त्याच मातीत मिसळली, आणि असे करता करता एक तुकडा इतका दूषित केला की दुबळे झाड तेथे वाचणे अशक्य व्हावे. मग त्या तुकड्यात देशभरातून गोळा केलेले वाण ओळीओळीने पेरले, आणि त्या ओळींमध्ये ठरावीक अंतरावर हमखास मरणाऱ्या वाणाची ओळ घातली, म्हणजे वाचलेले झाड रोगाच्या अभावी वाचले की अंगच्या गुणाने, याविषयी शंका राहू नये. सोनाराने दागिना कसोटीच्या दगडावर घासून पाहावा, तसे हे सगळे वाण त्या काळ्या मातीवर घासले गेले.

या कामाची निकड किती होती हे त्याच मंडळींच्या पाहणीवरून दिसते. १९७५ ते १९८० या काळात त्यांनी भारतातील तूर पिकविणारे प्रांत पालथे घातले, तेव्हा मर रोगाचे प्रमाण महाराष्ट्रात सर्वाधिक, बावीस टक्क्यांच्या वर, आढळले. रोग केव्हा पडतो यावरही नुकसान अवलंबून असते : शेंगा धरण्यापूर्वी झाड मेले तर उत्पन्न जवळजवळ शून्य, शेंगा पक्व होताना मेले तर सुमारे दोन तृतीयांश नुकसान, आणि काढणीच्या तोंडावर मेले तरी तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास. ज्या घराचा वर्षाचा हिशेब तुरीवर जमतो त्या घराला या अपूर्णांकांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

त्या दूषित तुकड्यातून जे वंश ताठ उभे राहिले, त्यांत महाराष्ट्रातून आलेल्या पी-१५-३-३ या स्थानिक वाणातून निवडलेला एक होता. त्याचा संग्रह-क्रमांक आयसीपी ८८६३. त्यात कोणताही संकर नव्हता, परदेशी रक्त नव्हते, प्रयोगशाळेची किमया नव्हती; योहान्सेनच्या पद्धतीने मिश्र बियाण्यातून झाडे वेगळी काढून, त्यांची संतती पिढ्यान्‌पिढ्या रोगट मातीत तपासून स्थिर केलेला तो शुद्ध वंश होता. कर्नाटकात निरनिराळ्या केंद्रांवर चाचण्या झाल्यावर १९८६ साली तो ‘मारुती’ या नावाने लागवडीस प्रसृत करण्यात आला. म्हणजे ज्या गुणाच्या शोधात शास्त्र पुसाहून दिल्लीस आणि दिल्लीहून पाटनचेरूस आले, तो गुण मराठी शेतकऱ्यांच्या घरच्या बियाण्यात, राखेत कालवून ठेवलेल्या मडक्यांत, अज्ञातपणे पूर्वीपासून होता. मेलेल्या झाडाशेजारी जिवंत राहिलेल्या झाडाचा अर्थ अखेर लागला.

मारुतीचा प्रसार पाहण्याजोगा झाला. तूर हे संकरित ज्वारीसारखे दरवर्षी नवे बी विकत घ्यावयास लावणारे पीक नव्हते. एकदा पिशवी आणली की पुढचे बी घरचे, आणि शेजाऱ्याला पायलीमागे पायली उसने देता येण्याजोगे. कर्नाटकात प्रसृत झालेला हा वाण राज्यांच्या सीमा न विचारता महाराष्ट्रात, आंध्रात आणि मध्य प्रदेशात पोहोचला; आळंद आणि सरहद्दीपलीकडील उमरगा या दोन तालुक्यांत जसे सोयरसंबंध आहेत तशीच बियाण्याची देवघेवही आहे, आणि तिला कोणत्याही सरकारी हुकमाची गरज नसते. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात असे दिसले की मर रोगाच्या प्रमुख पट्ट्यात १९९२-९३ पर्यंत तुरीखालील सुमारे ६० टक्के क्षेत्र या वाणाने व्यापले होते, आणि जुन्या वाणांच्या मानाने त्याचे उत्पन्न निम्म्याहून अधिक वाढलेले होते. कलबुर्गी, म्हणजे पूर्वीचा गुलबर्गा, जिल्हा कर्नाटकाचे तुरीचे कोठार म्हणून जो नावारूपास आला, आणि २०१९ साली ‘गुलबर्गा तूरडाळ’ या नावाला जे भौगोलिक मानांकन लाभले, त्यांच्या मागे जमिनीतील चुनखडी आणि शेतकऱ्याचे कष्ट यांच्याबरोबरच या वंशाचाही वाटा आहे.

परंतु येथे कथा संपविणे म्हणजे आनुवंशिकतेचा धडा अर्धा वाचणे होईल. मर न लागणारा मारुती वांझ रोगापुढे मात्र असहाय होता. हा रोग विषाणूमुळे होतो आणि डोळ्यांना न दिसणारा एक सूक्ष्म कोळी त्याचा प्रसार करतो. रोगट झाड मरत नाही, उलट हिरवे आणि झुबकेदार राहते, पण त्याला फूल येत नाही आणि शेंगही धरत नाही. एका शत्रूवर विजय मिळविणाऱ्या झाडाने दुसऱ्यापुढे हात टेकावे, हे विचित्र वाटले तरी मेंडेलच्या नियमांना धरूनच आहे : एका लक्षणाचे जनुक दुसऱ्या लक्षणाच्या जनुकाला सहसा बांधलेले नसते, दोघांची वाटणी स्वतंत्रपणे होते. पण ज्या स्वातंत्र्यामुळे हे गुण विलग राहतात, त्याच स्वातंत्र्यामुळे ते संकराने एकत्रही आणता येतात. १९९३ मध्ये प्रसृत झालेल्या ‘आशा’ या वाणात दोन्ही रोगांचा प्रतिकार एकवटला. मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या बदनापूर येथील केंद्राने त्याच दशकात बीएसएमआर ७३६ हा दोन्ही रोगांस दाद न देणारा वाण दिला, आणि तोही सरहद्द ओलांडून कलबुर्गीच्या शिवारात रुजला. हे बदनापूर त्याच जालना जिल्ह्यात, जेथे भोकरदनला तुरीचे दोन हजार वर्षांपूर्वीचे दाणे सापडले.

दुसराही एक धडा आहे. वाटाण्याचे फूल आपल्याच परागाने फळते; तुरीच्या फुलावर मधमाश्या येतात आणि एका शेताचा पराग दुसऱ्या शेतात नेतात. शुद्ध वंश शेतकऱ्याच्या हाती पाच-सहा वर्षे राहिला की शेजारच्या रानातील जनुके त्यात शिरतात. पहिल्या पिढीत दुबळेपणा झाकलेला राहतो, पुढे तो उघडा पडतो, आणि शेतकरी म्हणतो की बियाणे उतरले. बियाण्याच्या प्लॉटभोवती नियत अंतर राखण्याचा जो नियम बीजप्रमाणन खाते घालते, त्याचे समर्थन याच गोष्टीत आहे. शिवाय बुरशीही सजीव आहे, तिलाही वंश आहे आणि तिच्यातही भेद आहेत. लाखो एकरांत एकच प्रतिकारक्षम वाण उभा केला की त्याला भेदू शकणाऱ्या बुरशीलाच आपण नकळत निवडून काढतो. २०२२ च्या हंगामात कलबुर्गी जिल्ह्यात, कानडीत ज्याला नेटे रोग म्हणतात त्या मरीने, पुन्हा मोठे थैमान घातले आणि शासनाला नुकसानभरपाईचा विचार करावा लागला. ओलीचा आणि पावसाच्या ताणाचा त्यात हात असतो. पण ज्वारीची साथ सोडून तुरीवर तूर घेत राहण्याची सवयही त्यात भर घालते.

२०११ साली ‘आशा’ वाणाच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला. अकरा गुणसूत्र-जोड्यांत सामावलेल्या, सुमारे ८३ कोटी अक्षरांच्या त्या लेखात ४८,६८० जनुकांचा अंदाज बांधण्यात आला, आणि कडधान्यांपैकी अनाथ मानले गेलेले हे पीक विज्ञानाच्या पहिल्या पंक्तीत येऊन बसले. आता कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा तपासून प्रतिकाराच्या खुणा ओळखण्याची दिशा खुली झाली आहे. तरीही या वाचनाचा उपयोग जनुके शाबूत असतील तोवरच. पाटनचेरूच्या बीजपेढीत तुरीचे तेरा हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत हे आपले भाग्य. परंतु पेढीतील दाणा झोपलेला असतो, त्याला नव्या बुरशीची, नव्या पावसाची ओळख होत नाही. शेतात पेरला जाणारा जुना वाण मात्र दरवर्षी परीक्षा देत असतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, आळंद, भालकी, औराद, उमरगा आणि अक्कलकोट या सरहद्दीलगतच्या प्रत्येक तालुक्यात गुल्याळसारखे जुने वाण थोड्या रानात का होईना, दरसाल पेरले गेले पाहिजेत, त्यांची नोंद झाली पाहिजे, आणि ते राखणाऱ्या कास्तकाराला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे; ही दया नव्हे, ते ऋण आहे. मारुतीचे जनुक कोणी घडविले नाही. निवड करणाऱ्यांनी ते ओळखले, आणि ओळखण्याजोगे ते उरले होते याचे कारण असे की असंख्य अनामिक शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्या स्त्रियांनी आपल्या पायलीतील वेगळा दाणा फेकून दिला नव्हता. पुढचा रोग कोणता येईल हे कोणालाही सांगता येत नाही, तेव्हा त्याचे उत्तर कोणत्या दाण्यात आहे हेही आज ठरविता येत नाही. आणि जे ठरविता येत नाही ते सगळे राखणे हेच शहाणपण आहे.